खाल्लं नाही, तरी साखर

"सुई नको, सायेब. पोटात अन्नाचा कण न्हाय तिच्या." मारुतीनं माझा हात अडवला.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात फिजिशियन होतो. मारुती मंद्रूपकडचा मेंढपाळ. त्याची बायको कमल लहान वयापासून डायबेटिसची पेशंट. तिला रोज इन्शुलिन लागे. सिरिंज उकळून मारुतीच घरी इंजेक्शन द्यायचा.

आता ती तापानं फणफणली होती. उलट्या चालू होत्या. श्वास खोल, जोरात. श्वासाला अति पिकलेल्या फळासारखा वास.

"इन्शुलिन कधी थांबवलं?"

"ताप आला तवाच. खाणंच न्हाय, तर साखर कुठली? मागं उपाशीपोटी सुई दिली, तर ही गपकन पडली हुती. मेलीच म्हनलं."

उपाशीपोटी इन्शुलिननं साखर फार उतरू शकते; भीती खरी होती. नुसत्या हुकमानं ती गेली नसती. मी त्याला वॉर्डाशेजारच्या लॅबमध्ये नेलं. टेस्ट ट्यूबमधल्या निळ्या द्रावणात कमलच्या लघवीचे थेंब टाकले.

"निळं राहिलं तर साखर नाही. बघा."

ट्यूब स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, मग पिवळं, मग विटकरी.

मारुती ट्यूबवर वाकला. "मग ही साखर आली कुठनं?"

"लिव्हरमधून. तिथं साखरेचा साठा असतो. आजारपणात शरीर तो बाहेर काढतं, नवी साखरही बनवतं. पण इन्शुलिनशिवाय ती वापरता येत नाही. मग चरबी जळते आणि रक्तात आम्ल साठतं. तो वास त्याचाच."

"अन् सुईनं परत पडली तर?"

"सलाईन लावतो. सारखं तपासत राहीन. साखर उतरली की ग्लुकोज देऊ. तुम्ही इथंच बसा."

त्यानं विटकरी ट्यूबकडं पुन्हा एकदा पाहिलं. "द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी कमलनं डोळे उघडले. "मेंढरं कुणाकडं सोडलीसा?" तिनं विचारलं. मारुती तोंड फिरवून डोळे पुसू लागला.

घरी सोडताना मी बजावलं, "आजारी पडली तरी इन्शुलिन बंद करायचं नाही. डोस किती, ते मला विचारा. पेज, ताक, पाणी घोट घोट चालू ठेवा. उलटी थांबली नाही, तर लगेच घेऊन या."

मारुती दारातून परत वळला. "सायेब, मेंढराच्या लिवरात बी साखर अस्ती?"

"असते की."

"तरीच कलेजी जरा गोडसर लागती!"

हे मला कोणत्याही प्रोफेसरनं सांगितलं नव्हतं. पुढं प्रत्येक इन्शुलिनवाल्या पेशंटला मी एकच वाक्य सांगत आलो: उपास तुमचा असतो, लिव्हरचा नसतो.