शिट्टी आणि लाल नेलपॉलिश

आमच्या शाहूपुरीतल्या अॅम्प्लिफायरच्या वर्कशॉपमध्ये भंगारापेक्षा किस्से जास्त साचतात. भंगार निदान कधीतरी उचललं जातं!

पहिल्याच दिवशी मामांनी नियम सांगितला, "लाल थेंबाला हात लावायचा न्हाय. का, म्हणून इचारायचं पण न्हाय." वर्कशॉप मामांचं, कान नजीरचाचांचा. माइक शिट्टी मारायला लागला की नेमका तो सूर कापायचा, एवढंच आमच्या फिल्टरचं काम. कुठला सूर कापायचा ते चाचा बारका स्क्रू फिरवून ठरवणार आणि स्क्रू हलू नये म्हणून वर नेलपॉलिशचा थेंब सोडणार. सगळ्या पेट्यांत, म्हणजे अॅम्प्लिफायरांत, एकच सूर! चार वर्षं इंजिनिअरिंग करून माझं काम काय? थेंब वाळेपर्यंत गप्प बसणं.

*

कोडोलीचे मंगल कार्यालयवाले पेटी घेऊन परत आले. "भटजींच्या आधी शिट्टीच मंगलाष्टकं म्हणतीय!"

चाचांनी पेटीवर टिचकी मारली. "फिल्टर बराबर हाय. हॉल चुकलाय."

मामा लगेच, "व्हय पावणं, हॉलचंच बघा कायतरी."

"तीन मजली हाय ओ. कुठं सरकवू?"

*

हॉल बदलला की शिट्टीचा सूर बदलतो, म्हणून मग मी नवा फिल्टर करायला घेतला. कापायचा सूर नॉबनं हवा तिथं नेता येईल असा. मामा म्हणाले, "कोडोलीत चालला तर पुढच्या दहा पेट्यांत तुझाच. न्हाय चालला तर पुन्यांदा इंजिनिअरिंग सांगायचं न्हाय!"

अडचण अशी, की सूर हलवला की कापाची रुंदीही बदलायची. शिट्टीबरोबर माणसाचा आवाजही गुल! त्यासाठी एकाच दांडीवर, एकदम फिरणारे दोन पॉट, म्हणजे नॉबखालचे फिरते रेझिस्टर, हवे होते. मामांनी दोन सुटे आणले, शेजारी ठेवले, रबरबँड चढवला.

"घे. दुहेरी!"

*

कोडोलीत मी नॉब फिरवला, शिट्टी गायब. कार्यालयवाल्यांनी स्वतः फिरवून ती परत आणली, घालवली, परत आणली. लहान मुलासारखे खूश. "ताई, हे आमालाबी जमतंय की!"

मामांचा चेहरा पडला. "तिथंच चुकलीस गं. गिऱ्हाइकाला जमलं, तर चाचाला कोण इचारणार?"

*

एकदा चहा पिताना मी चाचांना विचारलंच, "तो एकच सूर आला कुठून?"

"पेठ वडगावचा हॉल, बेटा. आपली पयली ऑर्डर. तिथली शिट्टी अशी मारली, की मामा म्हणला, आता ह्योच कायम."

"बघायला जाऊ या?"

"कुठला बघतीस? पाडला की. पार्किंग हाय आता."

*

दहा पेट्या तयार झाल्या. दहाही माझ्या फिल्टरच्या. पाठवायच्या सकाळी मामांनी दहाही नॉब उपसून ठेवले होते आणि चाचा एकेक दांडी फिरवून आपल्या सुरावर आणत होते. मामांनी नेलपॉलिशची बाटली माझ्या हातात दिली. अगदी सत्कार केल्यासारखी.

"आजपासून थेंब तुझ्या हातनं. मान हाय ह्यो!"

"पार्किंगची शिट्टी कापायचा?"

"उलटं बोलू नगंस. लाव."

"नाही लावणार. नॉब परत बसणार आणि पेट्या तशाच जाणार."

"मग ह्या बाटलीचं काय करू?"

मी स्टुलावर बसले, बाटली उघडली आणि डाव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरुवात केली. पाच नखं झाली, दहा झाली. मामांनी चाचांकडं पाहिलं, चाचांनी पंख्याकडं.

मी नखांवर फुंकर मारली आणि म्हटलं, "मामा, वाळेपर्यंत तेवढे नॉब बसवा."