वरच्या अंगाची वस्ती

गुडगावात शेतं विकली जाऊन काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्या काळात मी तिथल्या एका कंपनीत नकाशे काढायचे. परदेशातल्या शहरांचे कागदी नकाशे कॉम्प्युटरवर गिरवायचे, बस. पाइपलाइनी, गटारं, विजेचे खांब. कधी न पाहिलेल्या शहरांची गटारं गिरवून डोक्याचा भुगा व्हायचा. म्हणून एका परदेशी गेमवाल्याला काल्पनिक राज्याचा नकाशा हवा आहे असं कळलं, तेव्हा साहेबांकडे जाऊन ते काम मी मागून घेतलं.

नकाशा झकास झाला. उत्तरेला डोंगर, पायथ्याशी किल्ला, पुढे बाजार, मधून नदी, शेवटी समुद्र, दलदलीत राक्षस. क्लायंटने कच्चं चित्र बघूनच पसंती कळवली. मी रंगीत प्रिंट काढून दिल्लीतल्या द्वारकेला घरी नेली आणि जेवणाच्या टेबलावर बाबांपुढे पसरली. आम्ही बौद्ध, बाबा विदर्भातल्या गावातून सरकारी नोकरीसाठी दिल्लीला आले आणि इथलेच झाले.

बाबांनी चष्मा लावला. राक्षस बघून हसले. मग नदीवर बोट ठेवून किल्ल्यापासून खाली सरकत गेले आणि बाजाराच्या पलीकडे, शेवटच्या झोपड्यांपाशी थांबले.

"ही वस्ती कोणाची?"

"अशीच. कामकरी लोकांची."

"म्हणजे किल्ल्याचं, बाजाराचं धुणंभांडं होऊन उरलेलं पाणी यांना."

मी नदीची रेघ वरपासून खालपर्यंत पुन्हा बघितली.

"हे आपलं गाव आहे," बाबा म्हणाले. "नदीवर पाटलांच्या घाटाच्या वर आपल्या लोकांनी पाय ठेवायचा नाही. अच्छा, राज्य तुझं, राक्षस तुझे, आणि तिथेही आपण खालच्याच अंगाला?"

ते हसतच बोलले, म्हणून जास्त झोंबलं. मी दिल्लीत जन्मलेली. गाव पाहिलं ते सुट्टीपुरतं. वस्ती कुठे असते हे मला कोणी शिकवलं नव्हतं, तरी हाताला ते बरोबर ठाऊक होतं. असा संताप आला की प्रिंट गुंडाळून बाजूला ठेवली. गावाचा आला, माझ्या हाताचा आला, त्या देखण्या किल्ल्याचाही आला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसल्याबसल्या आधी नदी उलटवली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नदीच्या रेघेला दिशा असते, ती एका कमांडने फिरते. पण डोंगर उत्तरेलाच राहिला तर पाणी चढाला लागणार. मग डोंगरच हलवला. उंचीच्या रेषा एकेक करून वस्तीच्या मागे नेल्या, समुद्र उत्तरेला टाकला, दिवसभर मान वर केली नाही. संध्याकाळी नदी झोपड्यांच्या अंगणातून निघत होती, मग बाजार, आणि सगळ्यांच्या शेवटी किल्ला. जुन्या फाइलवरच नवी सेव्ह करून टाकली.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "नदी उल्टी क्यों कर दी? पास हो चुका है यार."

"अब पानी पहले बस्ती को मिलेगा."

"नकली देश है! किसी को क्या फ़र्क पड़ता है?"

"फ़र्क नहीं पड़ता, तो रहने दीजिए."

पहिल्यासारखं कर, म्हणाले. नाही करणार, म्हटलं. मी प्रोबेशनवर होते. "फिर तुम्हारा कन्फ़र्मेशन भी देख लेंगे," असं सुनावून ते गेले. घरात माझा पगार लागत होता. तरी एक रेघ मागे घेतली नाही.

मुदत संपत आली होती, दुसरं कोणी मोकळं नव्हतं, म्हणून नाइलाजाने माझाच नकाशा गेला. क्लायंटची एकच शंका आली. साहेबांनी ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. राजाच्या किल्ल्यात झोपड्यांकडून वाहत आलेलं पाणी येतं, हे चुकून तर झालं नाही ना? राजा ते पिईल?

"बोलो, अब क्या लिखूँ?"

"लिखिए, पिएगा."