सतराचा पाढा आणि हातवीजचा घाट

घाटातून रोज जाणं-येणं असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, चिखलासारखे आपोआप अंगाला लागतात. मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. मी, गायकवाड आणि आमचे हेडमास्तर भोर सर, तिघंही जुन्नरचे. शाळा मात्र हातवीजच्या डोंगरात. वर जाताना लख्ख ऊन आणि उतरताना स्वतःच्या गाडीचं पुढचं चाक दिसणार नाही असं धुकं! आता आम्ही चहा पिताना हसतो. तेव्हा शाळा सुटायची वेळ झाली की मी दर पाच मिनिटांनी खिडकीतून आभाळ बघायचो, खोटं कशाला बोलू?

*

एकदा धुक्यात पुढं एसटी लागली. भोर सर मला ओरडून म्हणाले, "अत्तार, तिचा लाल दिवा सोडू नका! ड्रायव्हरला रस्ता पाठ असतो." ती जुन्नरलाच चाललीय समजून आमच्या दोन्ही गाड्या तिच्या मागं. चाललोय, चाललोय, जुन्नर काही येईना! शेवटी एका वाडीत एसटी थांबली. आम्हीही थांबलो. ड्रायव्हर जेवणाचा डबा घेऊन खाली उतरला आणि आमच्याकडं बघतच राहिला.

"गुरुजी, माझा हितं मुक्काम हाय. तुमचा बी हाय का?"

*

भोर सरांची एम-एटी दुचाकी वजनाला हलकी. वळणावर वारा सुटला की गाडी दरीकडं सरकायची आणि सरांचा चेहरा पांढराफटक पडायचा. मग त्यांनी शक्कल लढवली. पिशवीत एक मोठा धोंडा घालून मागं बांधला. गाडी खरंच जागेवर राहिली! पण घरी गेल्यावर पिशवी सोडायचं विसरले. सरांच्या मंडळींना वाटलं, डोंगरातल्या कुणी पालकानं तांदूळ दिला असेल. त्यांनी हौसेनं पिशवी उघडली.

दुसऱ्या दिवशी सर उपाशी चेहऱ्यानं शाळेत आले. विचारलं तर म्हणाले, "डबा दिला नाही. म्हणाली, आणलाय तोच शिजवून खा!"

*

गायकवाड माझ्या मागं बसायचा. माणूस लई अबोल. मागं बसलाय की नाही तेही कळायचं नाही. एकदा भर पावसात प्लग भिजून गाडी बंद पडली. त्यानं उतरून धक्का दिला. गाडी चालू झाली, आता परत बंद पडेल या धास्तीनं मी "बस पटकन!" म्हणालो आणि सुटलो. जुन्नरला थेट त्याच्या दारात गाडी लावून ऐटीत हाक मारली, "घ्या वहिनी, आणलं तुमच्या माणसाला!"

शोभावहिनी माझ्या मागं बघत म्हणाल्या, "कुठं हाय?"

मी मागं वळून बघितलं, सीट रिकामी. तसाच उलटा पळालो. घाटाच्या पायथ्याला हा गडी निवांत चालत येताना दिसला. मला रडावं की याला मारावं, कळेना. "अरे, ओरडायचं नाही का?"

"ओरडलो की," गायकवाड म्हणाला. "एकदा."

*

त्या दिवशी वहिनींनी नियमच घालून दिला. "तुमी दोघं गुरुजी ना? मंग ह्यांनी मागं बसून मोठ्यानं पाढे म्हणायचे. आवाज थांबला की भाऊ, तुमी गाडी थांबवायची. शपथ हाय तुमाला!"

झालं! मागं गायकवाडचे पाढे, पुढं माझी मनातल्या मनात दुवा. पण हा बाबा दरवेळी सतरा नव्वेला अडायचा. आवाज थांबला की शपथेप्रमाणं मी ब्रेक दाबायचा, त्याला आठवायची वाट बघायची.

एकदा असेच थांबलो असताना गुरं घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "गुरुजी, शाळा तर सुटली. ह्यांना अजून शिक्षा व्हय?"

*

आणि तो दिवस. दुपारच्या एसटीच्या कंडक्टरनं निरोप आणला, "गायकवाड गुरुजी, मंडळींना दवाखान्यात नेलंय." दिवस अजून भरले नव्हते. गायकवाडच्या हातातला खडू खाली पडला.

सकाळपासून ऊन होतं. घाटात शिरलो आणि आभाळ फाटलं. धुकं, पाऊस, त्यात मी आयुष्यात चालवली नव्हती इतकी जोरात गाडी चालवतोय. भीती वाटत होती, पण हळू चालवायची त्याहून जास्त वाटत होती. मागं गायकवाड रडक्या आवाजात, पण शपथ म्हणून म्हणतोय, "सतरा साते एकोणिसासे… सतरा आठे छत्तीसासे… सतरा नव्वे…"

थांबला.

मी कचकन ब्रेक दाबला. "अरे, आज तरी नको रे अडूस! बोल की!"

"आठवंना, भाऊ."

तेवढ्यात वाऱ्यानं धुकं जरा बाजूला झालं. पुढच्या चाकापासून हातभर डांबर होतं. त्याच्या पुढं रस्ताच नव्हता. खालून नुसता पाण्याचा आवाज येत होता.

दोघांनी धरून गाडी हळूहळू मागं ओढली. मग गाडी तिथंच सोडली, वरच्या अंगानं कारवीची झुडपं धरत धरत पलीकडं उतरलो आणि खाली दुधाच्या टेम्पोत बसून दवाखाना गाठला.

वहिनी कॉटवर होत्या, कुशीत मुलगी. दोघीही धडधाकट! आमचे चिखलाचे अवतार बघून वहिनींनी पहिलं काय विचारावं? "पाढे म्हणत आलात ना?"

गायकवाडनं नुसती मान हलवली. मुलीला उचललं आणि तिच्या कानाशी हळूच सुरू केलं, "सतरा एके सतरा…" म्हणत म्हणत नव्वेला आला आणि पुन्हा अडला. माझा उजवा पाय आपोआप दाबला गेला.

"भाऊ, सतरा नव्वे किती वो?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही. आणि खबरदार, पाठ केलंस तर!"