राणी रंगाची कोंबडी

आमच्या घरात कोंबडी एकदाच रंगवली गेली, आणि ती मी रंगवली.

मी सुरतेत, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये स्टेंटर चालवतो. स्टेंटर म्हणजे गरम हवेचं लांबलचक मशीन. ओला, सुरकुतलेला कपडा एका टोकाला आत जातो आणि दुसऱ्या टोकाला ताठ होऊन बाहेर येतो. एकोणीस वर्षं मी हेच करतोय, त्यामुळे उष्णतेबद्दल मला कोणी काही सांगितलेलं चालत नाही. (घरातले सांगतात. मी ऐकत नाही.)

माझ्या मुलीला, पल्लवीला, बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंट करायचं होतं. पण आमच्या घरात शेवटचा शब्द अमळनेरच्या आबांचा. आबा म्हणजे माझे थोरले भाऊ. फोनवर विषय काढला तर म्हणाले, "पोरले शिकाडीसन लोकेसना ताटे उचलाले लावस का?"

मी फोन ठेवला आणि मान खाली घातली. पल्लवीने मात्र मान खाली घातली नाही.

"पप्पा, आबांना रविवारी जेवायला बोलवा. मी अख्खी कोंबडी भाजते. माझ्या हातचं खाऊन मग नाही म्हणू देत."

तिच्याकडे छोटा ओव्हन होता. त्यात केक करून ती अख्ख्या गल्लीचे वाढदिवस सांभाळायची. कोंबडी आणायचं काम माझ्याकडे आलं. दुकानदाराने सवयीने सुरा उचलला, मी त्याचा हात धरला.

"काटना नहीं है. चमडी भी रहने दो."

"तो पकाओगे कैसे?"

"वो हमारी बेटी को मालूम है," मी ऐटीत म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तर ही गोष्टच घडली नसती.

रविवारी पल्लवीने कोंबडीला दही, लसूण आणि आमचा खानदेशी काळा मसाला चोळला. ओव्हन दोनशेवर लावला आणि ती आबांना आणायला उधना स्टेशनला निघाली. जाताना म्हणाली, "पप्पा, फक्त तिचे पाय बांधा आणि आत ठेवा. दोरा सुती घ्या."

आता, सुरतेत आमच्यासारख्याच्या घरात सुती दोरा कुठून येणार? आमचे पडदे पॉलिएस्टरचे, चादरी पॉलिएस्टरच्या, माझा बनियनसुद्धा अर्धा पॉलिएस्टरचा. माझी बायको मंगल घरबसल्या साड्यांना लेस लावते, तिच्या डब्यात दोऱ्याची चाळीस रिळं होती. सगळी एकाच जातीची. मी त्यातला जाड राणी रंगाचा दोरा निवडला. पाहुणे येणार, जरा उठावदार दिसायला नको?

मंगल भाकरी थापता थापता म्हणाली, "तिनी सुती सांगेल शे ना?"

"दोरा तो दोरा."

"तुमले काय समजस त्यामा?"

"मला? धाग्यातलं? मला विचारतेस?"

मी बांधायला घेतलं. पाय बांधले, मग पंख मोकळे बरे दिसेनात म्हणून पंख बांधले, मग कंबर, आणि मिलमध्ये कपड्याचा गठ्ठा बांधतो तसे उभे-आडवे फेरे देऊन वर घट्ट गाठ मारली. ती कोंबडी आता ट्रकमधून दिल्लीला गेली असती तरी सुटली नसती. मग तिला आत ठेवून मी पेपर वाचायला बसलो.

अर्ध्या तासाने वास आला. वास ओळखीचा होता, अगदी घरच्यासारखा. मला फार प्रसन्न वाटलं. जरा वेळाने लक्षात आलं की हा घरचा नाही, मिलमधला वास आहे.

ओव्हनच्या काचेतून पाहिलं. पॉलिएस्टर तापलं की आकसतं, हे मी नव्या पोरांना रोज शिकवतो. ते शिकवल्याप्रमाणे आकसलं होतं. कोंबडी उकिडवी बसली होती, पंख छातीशी, पाय पोटाशी, डोकं नसूनही फार घाबरलेली. आणि पॉलिएस्टरचा रंग तापला की उडून शेजारच्या वस्तूवर बसतो. तोही बसला होता. अंगभर राणी रंगाचे उभे-आडवे पट्टे, एकसारखे, कुठे डाग नाही. (खोटं कशाला सांगू, क्षणभर मला कौतुकच वाटलं.)

तेवढ्यात दारात आबांचा आवाज आला. पल्लवी थेट स्वयंपाकघरात आली आणि तिने ओव्हन उघडला. पोरीचं अख्खं पुढचं आयुष्य त्या ट्रेमध्ये होतं आणि मी त्याला गाठी मारल्या होत्या.

"चामडी सोलून टाकू," मी कुजबुजलो. "तुकडे करून रश्शात घालू. आबांना काय कळतंय."

"नाही पप्पा. आत काय उतरलंय माहीत नाही. ही कोणी खायची नाही."

ती ट्रे घेऊन बाहेर गेली आणि आबांसमोर उभी राहिली. "आबा, कोंबडी बिघडली. दोऱ्याचा रंग उतरलाय. मला वीस मिनिटं द्या, शेवभाजी करते."

आबांनी चष्मा लावून ट्रेमध्ये पाहिलं. "हाई कोंबडी शे का लगीननी पत्रिका?"

कोणी हसलं नाही. पल्लवीने कोंबडी टाकून दिली आणि कांदा चिरायला घेतला. वीस नाही, अठराव्या मिनिटाला ताटं आली. आबांनी तिसरी भाकरी संपवली, बोटं चाटली आणि विचारलं, "दोरा कोनी बांधा?"

पल्लवीने मंगलकडे पाहिलं, मंगलने माझ्याकडे. मी हात वर केला.

"मंग तो कोर्स तू कर," आबा म्हणाले. मग पल्लवीकडे वळले. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "पाव्हनाना ताटमा काय वाढानं नही, हाई जिले समजस तिले शिकू दे. कधी शे तो फारम?"

पल्लवी पदवी मिळाल्यासारखी रडली. मीही रडलो. मंगल म्हणाली की कांद्यामुळे असेल.

पल्लवीचं आता दुसरं वर्ष चालू आहे. कोंबडी बांधायच्या धड्याला तिने वर्गात माझी हकिकत सांगितली. तेव्हापासून तिचे सर प्रत्येक नव्या बॅचला आधी माझी गोष्ट सांगतात आणि मग दोरा हातात देतात. दहावीला दोनदा नापास झालेला माणूस कॉलेजात शिकवला जातो, असं आमच्या खानदानात पहिल्यांदाच घडतंय.