वानखडे काकांचं लॉगबुक

"बेटा, काल संध्याकाळी अठ्ठ्याऐंशी टक्के होतं. आज सकाळी चार! मागे कसं गेलं?"

फोनवर आमच्या भोपाळच्याच सोनागिरी कॉलनीतले वानखडे काका होते. कारखान्यातून शिफ्ट सुपरवायझर म्हणून रिटायर झालेले. मी भोपाळमध्ये घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करते, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नव्हता. हार्ड डिस्कवर एकाच फाइलचे तुकडे इकडेतिकडे पडतात आणि कॉम्प्युटर हळू होतो. डिफ्रॅग नावाचा प्रोग्राम ते तुकडे गोळा करून एका जागी लावतो. काम फेऱ्यांनी चालतं आणि प्रत्येक फेरीत टक्के पुन्हा शून्यापासून सुरू होतात.

"दुसरी फेरी लागली असेल, काका. चालू द्या. उद्या येऊन बघते," असं पोळ्या लाटता लाटता सांगून मी मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी गेले तर काका कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकून बसलेले. मांडीवर जाडजूड वही. कारखान्यात दर अर्ध्या तासाला मशीनचं रीडिंग लिहायची सवय, ती काही सुटलेली नव्हती. वहीत रकाने आखले होते: वेळ, टक्के, तापमान (हात लावून), आवाज. मला हसूच आलं.

मग आवाजाचा रकाना वाचला. परवापर्यंत 'नॉर्मल'. काल सकाळपासून, म्हणजे त्यांनी मला फोन केला त्याच्याही आधीपासून, 'टक् टक्'. आणि टक्के काल दुपारपासून सहावर अडकलेले.

टक् टक् म्हणजे डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. अशा डिस्कला विश्रांती द्यायची, तर तिला दिवसभर राबवायला मीच सांगितलं होतं.

"यात महत्त्वाचं काय आहे?"

"माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या," काकू म्हणाल्या. "ती जायच्या आधी फोनवर भरून घेतल्या होत्या. तो फोन केव्हाच खराब झाला."

"हिला ऐकताना मध्येच अटकायचं," काका म्हणाले. "म्हणून मीच हे डिफ्रॅग लावलं."

दुसरी कॉपी कुठेच नव्हती. मी माउसकडे हात नेला, तर काकांनी तो अडवला.

"चालती मशीन बिना परमिट के नहीं रुकती! अर्ध्यात थांबवलं आणि माल मध्येच लटकला तर?"

"नाही लटकणार. नव्या जागी तुकडा नीट बसला, की मगच जुनी जागा सोडतं ते. थांबवलेलं चालतं, काका. डिस्क बंद पडलेली चालणार नाही."

"मग लिहून दे."

ते अजिबात गंमत करत नव्हते. कारखान्यात मशीन थांबवायची तर कुणीतरी सही करून जबाबदारी घ्यायची, हाच नियम. मी वहीत लिहिलं, 'डिफ्रॅग थांबवायला परवानगी,' आणि सही केली. काकांनी वेळ टाकली. मगच मला स्टॉपचं बटण दाबू दिलं.

कॉम्प्युटर बंद केला नाही. पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नव्हता. पेनड्राइव्ह लावला आणि आधी ओव्यांचं फोल्डर उचललं. एकेचाळीस फाइल्स. काका प्रत्येक फाइलला वहीत एक रेघ मारत होते. काकू देवघरासमोर जाऊन बसल्या. अडतिसाव्या रेघेनंतर डिस्क एकदा जोरात खडखडली आणि कायमची गप्प झाली.

तीन ओव्या गेल्या. मी पुढे लॅबमध्येही डिस्क दाखवली, पण हाती काही लागलं नाही.

त्या वेळी मात्र मी राहून गेलेल्या तीन फाइल्सची नावं काकूंना वाचून दाखवली. तशा काकू म्हणाल्या, "त्या तीन मला पाठ आहेत गं. तुझा फोन काढ." आणि गळा साफ करून त्या गायला लागल्या. दुसऱ्या ओवीत आवाज फाटला, तरी थांबल्या नाहीत.

काका मान खाली घालून वहीत लिहीत होते. बिघाडाच्या नोंदीत कारण लिहावंच लागतं. त्यांनी लिहिलं, 'कारण: ऑपरेटरची चूक.'

मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं. 'ऑपरेटरची' खोडून तिथे 'मेकॅनिकची' लिहिलं आणि खाली पुन्हा सही केली. काकांनी वेळ टाकली.

डिफ्रॅग लावण्याआधी कॉपी काढून ठेवा, हे मी सगळ्यांना सांगते. आणि आता फोनवर कुणी टक्के सांगू लागलं, की लाटणं खाली ठेवून आधी विचारते, आवाज कसला येतोय?