पंचायतीचा पासवर्ड

"मोठ्यानं म्हण," ऑपरेटर म्हणाला. "मागं बसल्यात त्यांना ऐकू गेलं पाह्यजे."

ग्रामपंचायतीच्या ऑफिसात भिंतीलगतच्या बाकावर चौघे बसले होते. काउंटरच्या काचेला खाली एक लहान खिडकी आहे. बोलायचं तर वाकावं लागतं. मी वाकले आणि म्हणाले, "जोहार एकेचाळीस."

चौघे हसले. त्यातला म्हातारा म्हणाला, "येतंय की राव अजून."

मग तेच मी मोबाइलवर टाइप केलं. नेट जोडलं गेलं.

मी एकोणीस वर्षांची होते. नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरत होते. त्या फॉर्मसाठी मी ते म्हणाले. हे आधी लिहून टाकते.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, मंचरहून आत. आमची वस्ती ओढ्याच्या खोलगट अंगाला. तिथं कुठल्याच कंपनीची रेंज नाही. बांधावर चढलं तर फोन लागतो, नेट चालत नाही. सरकारी केबल पंचायतीच्या ऑफिसापर्यंत आली. वस्तीपर्यंत आणायला खांब नाहीत, असं आम्हाला सांगण्यात आलं.

ऑफिसात नेटचा डबा एकच बसला, पण मोबाइलवर नेटची नावं दोन दिसायची. एक गावाच्या नावाचं. दुसरं 'वस्ती'. गावाच्या नेटचा पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर यायचा. त्या ग्रुपमध्ये आमचं कुणी नव्हतं. आम्ही काउंटरवर जाऊन विचारायचं. ऑपरेटर सरपंचांचा पुतण्या. त्या महिन्यात त्यानं आमच्यासाठी हा शब्द काढला. शब्द तोच, पुढचे आकडे रोज बदलायचे. त्यामुळं रोज जायचं. काचेला आतून चिठ्ठी चिकटवलेली असायची, पण नुसतं वाचून चालायचं नाही. म्हणून दाखवायचं. नाहीतर तो 'वस्ती' बंद करायचा.

जोहार म्हणजे आमच्या लोकांनी पाटलाच्या दारात वाकून घालायचा नमस्कार. आजोबांचे वडील दीक्षा घेऊन आले आणि त्या दारात ताठ उभे राहिले. पाठीवर काठी बसली. आजोबा तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. तो वळ त्यांनी पाहिलेला आहे. त्यानंतर आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नव्हता.

मी उच्चारला. नऊ दिवस. नुसती अक्षरं आहेत, असं स्वतःला सांगत राहिले. वस्तीतल्या पोरींनाही मीच सांगितलं, म्हणा आणि अभ्यासाला लागा.

नवव्या दिवशी फॉर्म अर्धा झाला. कागद अपलोड करायचे राहिले. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची होती.

घरी आले तर धाकटी बहीण अंगणात खेळत होती. पाचवीतली. खेळाचं नाव पंचायत. एक मैत्रीण ओट्यावर ऑपरेटर होऊन बसलेली. बहीण तिच्यासमोर कमरेत वाकली, हात पुढं केला आणि म्हणाली, "जोहार बेचाळीस." वाकायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं आम्हाला पाहिलं होतं.

आजोबा दारात बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं. मी सगळं सांगितलं, नेटची दोन नावंही. त्यांच्या तरुणपणी हॉटेलाबाहेरच्या कोनाड्यात आमचे कप ठेवलेले असत. ते एवढंच म्हणाले, "म्हंजे कप अजून येगळाच हाय." माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी काउंटरवर गेले. वाकले नाही.

"खाली बोल. ऐकू येत न्हाई."

"म्हणणार नाही."

"मग फॉर्म?"

"राहू दे."

"लई शिकली वाटतं," तो बाकाकडं बघत म्हणाला.

मी काचेवरच्या चिठ्ठीचा फोटो काढला. नेटचं नाव, शब्द, आकडे, सगळं त्यात आहे. त्यानं अडवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटलंच नाही.

मंचरची एसटी उशिरा आली. सायबर कॅफेत पोचले तेव्हा साडेपाच झाले होते. पाचला साइट बंद झाली होती. फॉर्म गेला नाही. वर्ष गेलं.

पोलीस ठाण्यात माझी तक्रार चौथ्या खेपेला लिहून घेतली गेली. त्यानंतर सरपंच पहिल्यांदा आमच्या वस्तीत आले. तक्रार मागं घ्या, आठ दिवसांत खांब उभे करतो, विहारात डबा बसवतो, म्हणाले. म्हणजे खांब होते.

मी नाही म्हणाले. शेजारच्या काकू दोनदा घरी आल्या. त्यांची मुलगी यंदा बारावीला आहे. "एका शब्दापायी पोरींचं वाटोळं नको करू, बाई," त्या म्हणाल्या. आता त्या माझ्याशी बोलत नाहीत. वस्तीतली निम्मी घरं बोलत नाहीत. तक्रारीनंतर 'वस्ती' बंदच आहे, काकूंची मुलगी नेटसाठी पेठ गावापर्यंत जाते. हे माझ्यामुळं आहे, असं त्या म्हणतात. मला ते पुसता येत नाही.

खांब आमच्या हक्काचे आहेत. ते तक्रारीच्या बदल्यात घेणार नाही. त्यांच्यासाठी वेगळा अर्ज काल दिला, पोच घेतली. वस्तीत केबल येवो न येवो, तक्रार मागं घेणार नाही.

वकील सांगतात, साक्षीच्या वेळी तो शब्द मला स्वतःच्या तोंडानं सांगावा लागेल. सांगेन. ऑपरेटर समोर बसलेला असेल. मी ताठ उभी असेन. मोठ्यानं म्हणेन, मागं बसलेल्यांना ऐकू जाईल असं. एकदाच.