केळापूरच्या अष्टमीला माझ्या अंगात आलं ते

गेल्या नवरात्राच्या आधी मी देवाकडे काही मागणंच सोडून दिलं होतं. पोळ्यानंतर माझी धाकटी बहीण साखरेच्या आजारानं गेली. नव्या चपलेनं तिच्या पायाला फोड आला. तो दुखला नाही म्हणून तिनं पाहिला नाही, आणि पाहिला तेव्हा अंगठा काळा पडलेला होता. यवतमाळला नेलं, आधी अंगठा काढला, मग गुडघ्याखालचा पाय, आणि तरी ती राहिली नाही. साखर मला तिच्याही आधीपासूनची. तिच्या पट्ट्या बदलताना माझं सगळं ध्यान स्वतःच्या पायांकडे असायचं, आणि त्याची मला लाज वाटायची. ती गेल्यावर येणारीजाणारी प्रत्येक बाई सांगून जायची, "तू जप व आता." जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते मात्र कोणाच्या तोंडून निघत नव्हतं. गोळी सुरू होती, कारलं सुरू होतं, जांभळाच्या बियांची पूड सुरू होती, आणि मशीन दर वेळी साखर वाढलेलीच दाखवत होतं. रोज सकाळी डोळे उघडले की पहिला विचार यायचा, आता आपला नंबर. खरं सांगते, त्या विचाराची भीतीही हळूहळू कमी होत गेली होती, आणि ते जास्त वाईट होतं.

आमच्या घरचं नवरात्र पाळण्याचं. माझ्या सासूनं आयुष्यभर अष्टमीचा दिवस नुसत्या दोन लवंगांवर काढला आणि गावापासून केळापूरच्या जगदंबेपर्यंत अनवाणी चालत गेली. तिच्यामागे ते माझ्याकडे आलं. आजार लागल्यापासून मी त्यातून अंग काढून घेतलं होतं. पण बहीण गेली त्या वर्षी वाटलं, आता जपून तरी काय राहिलंय? अष्टमीला पहाटे अंघोळ केली, दोन लवंगा तोंडात टाकल्या आणि रोजची गोळी घेतली. औषध उपवासाला चालतं, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात, आणि गोळी चुकवू नको असं दवाखान्यातही सांगितलेलं. म्हणजे मी दोघांचंही ऐकलं. निघताना देव्हाऱ्यासमोर एवढंच म्हणाले, "आई, एक तर बरी कर, नाहीतर ने. मधे लटकवून ठेवू नको." देवाशी असं बोलू नये म्हणतात, पण माझ्याजवळ तेव्हा दुसरे शब्द नव्हते.

आमचे मालक, जाऊबाई आणि गल्लीतल्या बाया असे आम्ही अनवाणी चालत निघालो. आमची पिठाची चक्की आहे, ती त्या दिवशी बंद. ऊन चढत गेलं. केळापूरला पोचलो तेव्हा दर्शनाची रांग पार बाहेर नारळाच्या दुकानांपर्यंत आलेली. रांगेत उभी असताना मला अचानक भूक लागली, अशी की समोरच्या बाईच्या हातातला पेढ्याचा पुडा हिसकावून घ्यावा. मग हातांना कापरं भरलं. घाम फुटला, आणि उन्हात उभी असून तो घाम गार होता. ओठ बधिर झाले. मला वाटलं, चालण्याचा शीण असेल, उपवास असेल, ऊन असेल. साखर वाढली की काय होतं ते मला पाठ होतं. ती उतरलीही जाऊ शकते, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आम्हा सगळ्यांचं एकच धोरण, साखर जितकी खाली तितकी चांगली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मी खाली बसले की पडले ते कळलं नाही. अंबाडा सुटला. मान हलत होती, ती मी हलवत नव्हते. तोंडातून आवाज निघत होता, त्याचा शब्द होत नव्हता. आणि जाऊबाई जोरात ओरडली, "आली व माय! देवी आली!" झालं. कोणीतरी डफडं वाजवायला लागलं. कोणी कपाळभर कुंकू फासलं, कोणी ओटीचं ताट समोर ठेवलं. बाया पायांवर डोकं ठेवू लागल्या. "माय, पोरीचं लगन कधी जुयन?" "माय, घरात भांडन होऊन राह्यलं, कोनाची नजर हाये?" मी आतून ओरडत होते की मला काहीतरी होतंय, मला धरा. पण जीभ वळेना, आणि मी जितकी धडपडले तितका डफड्याचा जोर वाढत गेला. मग मालक पुढे आले. इतक्या वर्षांच्या संसारात ज्यांनी माझ्याकडे धड मान वर करून पाहिलं नसेल, ते माझ्यासमोर पालथे पडले आणि म्हणाले, "माय, चुकलं असन त माफ कर." इतकी माणसं भोवती होती आणि त्यातल्या एकालाही मी दिसत नव्हते. मी मागितलं होतं ते देवीनं ऐकलं, ती मला नेते आहे, असं मला स्वच्छ वाटलं. आणि मला जायचं नव्हतं. इतके दिवस मेले तरी चालेल म्हणणारी मी, त्या घडीला मला एक भाकरीचा तुकडा आणि जगणं, एवढंच हवं होतं.

तेवढ्यात आणखी एक बाई पायाशी वाकली. जाडजूड, हिरवं लुगडं, घामाघूम. तिनं माझे पाय धरले आणि डोकं टेकवायच्या ऐवजी तशीच थांबली. मग तिनं माझं मनगट धरलं, गाल धरला. "हे त गार पडून राह्यली," ती म्हणाली. "इले साखर हाये का हो? सकाऊन गोयी घेतली का इनं?"

मालक चिडले. "देवीले काय इचारता बाई तुमी?"

"देवीले असा घाम येते का? माहा मानूस असाच पडते. सरका तिकडे."

तिनं मला उचलून स्वतःच्या अंगाला टेकवून बसवलं. ओटीच्या ताटातले बत्तासे घेऊन पेल्यातल्या पाण्यात चुरले. आधी बोटानं थेंबभर जिभेला लावलं आणि मी गिळते का ते पाहिलं. मी गिळलं, तेव्हाच पेला ओठांना लावला. जाऊबाई रडकुंडीला आली, "उपास मोडून राह्यला व तिचा!" ती बाई मागे न पाहता म्हणाली, "मोडू दे. उपास पुन्हा धरता येते, बाई पुन्हा भेटत नाई."

थोड्या वेळानं कापरं थांबलं. पहिल्यांदा आवाज स्पष्ट ऐकू आले, मग चेहरे दिसले. तिनं कोणाकडून तरी केळं मागून खायला लावलं, आणि मालकांना सांगितलं की एवढ्यावर थांबू नका, गोळीचा असर अजून अंगात आहे, पांढरकवड्याच्या सरकारी दवाखान्यात न्या. ऑटो आणण्याची धांदल उडाली, आणि त्या गडबडीत ती गर्दीत निघून गेली. नाव नाही, गाव नाही. ती कोण होती याबद्दल घरात पुष्कळ बोलणं होतं, मी त्यात पडत नाही. मला फक्त एक गोष्ट टोचते. ती मला वाचवायला आलेली नव्हती. ती स्वतःचं काहीतरी गाऱ्हाणं घेऊन माझ्या पायाशी आली होती, आणि ते न विचारताच गेली. रोज दिवा लावताना मी जगदंबेला तेवढं म्हणते, की तिचं जे काही असेल ते ऐक.

दवाखान्यात त्यांनी मला ठेवून घेतलं, कारण साखर पुन्हा उतरू शकते म्हणाले. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण रागावली आईसारखी. ही गोळी घेतली की जेवण झालंच पाहिजे. उपवास धरायचा तर आधी दवाखान्यात विचारायचं. कापरं, गार घाम, एकदम भूक, डोक्यात गोंधळ, यातलं काही झालं की लगेच साखर खायची आणि मग जेवायचं, म्हणून चार बत्तासे नेहमी जवळ बाळगायचे. अनवाणी चालायचं नाही, आणि रोज संध्याकाळी तळपाय आरशात पाहायचे. हे ऐकताना मला बहीण आठवून रडू आलं. एक आरसा, एवढंच तिला लागलं असतं. मग डॉक्टरीणबाईनं विचारलं, "तुम्ही जेवता किती वाजता?" मी म्हणाले, सगळ्यांचं झालं की. तिनं मालकांकडे पाहिलं. मालक खिडकीबाहेर पाहत होते.

घरी आले आणि मन आणखीच खचलं. कोणालाच माझं खरं वाटेना. मंगळवारी, शुक्रवारी बाया नारळ घेऊन दारात. मी सांगायची, बाई, माझी साखर उतरली होती, मी मरायला टेकले होते. त्या हात जोडून म्हणायच्या, देवी असंच बोलते. मालकांचंही तेच मत. डॉक्टर शिकलेली असेल, पण डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं. मी बरी झाले नाही. देवीनं मला नेलंही नाही. लटकवून ठेवू नको म्हणाले होते, तिनं नेमकं तिथंच ठेवलं. डोळ्यांना आता कमी दिसतं, आणि कधीकधी भर दुपारी बहिणीच्या आठवणीनं जीव नकोसा होतो. ते संपलं असं मी सांगणार नाही.

पण दवाखान्यातून आले त्याच्या दुसऱ्या सकाळी मालक चक्की उघडायच्या आधी स्वयंपाकघरात शिरले. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, मेथीची भाजी, काकडी. पथ्याचं सगळं त्यांनी डॉक्टरीणबाईकडून नीट ऐकून घेतलं होतं. देवीला काय चालतं आणि काय नाही ते ऐकावं, तशाच श्रद्धेनं ऐकलं असणार. ताट माझ्यासमोर पाटावर ठेवलं, भोवती पाणी फिरवलं, बाजूला माझी गोळी ठेवली. मी म्हणाले, "अहो, मी हाये. देवी नाई." त्यांनी ताट आणखी पुढे सरकवलं. सकाळी आणि संध्याकाळी, वेळ न चुकवता, ते आजही ताट आणतात, आणि माझं होईपर्यंत स्वतः तोंडात काही घालत नाहीत. बायकोसाठी त्यांनी हे केलं असतं का, हा प्रश्न मी पुष्कळ दिवस मनात घोळवला, रडले, भांडले, आणि मग देवीच्या स्वाधीन केला. तिला जसं द्यायचं तसं ती देते. हा माणूस, ज्यानं मला उभ्या जन्मात जेवलीस का म्हणून विचारलं नाही, हात जोडून उभा राहतो आणि म्हणतो, "जेव माय."

मी जेवते.